नव्या मालकाचा अंक

बातमी मला दादाने सांगितली, आणि तीही हसत हसत.

"अगं, तुझी ती तारवाली विकली गेली म्हणे," तो फोनवर म्हणाला. मागून वहिनीचा आवाज आला, "चला, आता तरी ती चित्रांची पुस्तकं वाचायची थांबेल."

मी म्हटलं, "दादा, तारवाली विकली जात नसते. तिचं प्रकाशन विकलं गेलंय."

"तेच ते," तो म्हणाला.

तेच ते काय? माणसाला फरक कळत नसेल तर गप्प बसावं. पण रविवारचा फोन म्हणजे दादाला काहीतरी बोलावं लागतं आणि मला काहीतरी ऐकावं लागतं. जेवलीस का, जेवले. तब्येत बरी का, बरी. मग तो ठेवतो आणि मी कामाला लागते, रविवार असला तरी.

मी कवळ्या बनवते. दंतवैद्यांकडून हिरड्यांचे साचे येतात. त्यात प्लास्टर ओतायचं, मेणावर एकेक दात बसवायचा, वरचे-खालचे नीट चावतात का बघायचं, घासून चकचकीत करायचं आणि डबीत घालून पाठवून द्यायचं. या शहरात माझ्या दातांनी जेवणारी पुष्कळ माणसं असतील, पण त्यातलं एकही मी पाहिलेलं नाही. दिवसभर त्या खोलीत मी, घासायचं यंत्र आणि पांढरी धूळ. यंत्राच्या वर आवाज काढायची सवय झाल्यामुळे बाहेर गेले तरी मी ओरडूनच बोलते. लोकांना वाटतं बाई भांडखोर आहे. आता खरं सांगायचं तर आहेच थोडी.

तारवाली कोण ते आधी सांगते, नाहीतर तुम्हीही दादासारखं 'तेच ते' म्हणाल. तारवाली दिवसा खांबावर चढून विजेच्या तारा दुरुस्त करते आणि कुणावर संकट आलं की त्याच तारांतून शिरून शहरात कुठेही पोचते. तिचा शत्रू गंज्या. तो लोखंड खातो. पूल, रूळ, कुलपं, काय मिळेल ते. महिन्यातून एक अंक निघतो, पातळ, स्टेपल मारलेला, आणि तो एका शुक्रवारी आमच्या भागातल्या पुस्तकांच्या दुकानात येतो.

त्या शुक्रवारची आमची एक पद्धत आहे. म्हणजे होती. दुकानदार गठ्ठा फोडायचा नाही. संध्याकाळी आम्ही जमलो की सगळ्यांसमोर दोरी कापायची आणि पहिला अंक आम्ही मागच्या बाजूला स्टुलांवर बसून मोठ्याने वाचायचो. प्रत्येकाचा आवाज ठरलेला. पानांवर वरच्या कोपऱ्यात चौकोन असतात ना, 'दरम्यान, शहराच्या दुसऱ्या टोकाला' असे, ते मास्तरांचे. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे 'शहराच्या दुसऱ्या टोकाला' ते असं म्हणायचे की आपण मान वळवून बघावं. तारवालीचा आवाज बस ड्रायव्हरचा. चांगल्या झुपकेदार मिशा, ढेरी, आणि "थांब, नीच माणसा, या शहराची वीज अजून गेलेली नाही" म्हणताना एवढा नाजूक व्हायचा की दुकानदार गल्ला सोडून बघत राहायचा. इन्स्पेक्टर, आई, शेजारीण, मांजर हे सगळं नर्सकडे. ती आमच्यात लहान, ड्यूटीवरून थेट यायची, बुटांसकट.

आणि गंज्या माझा. कुणी दिला नव्हता, मीच घेतला. पहिल्याच दिवशी मी घसा खाकरून त्याचं वाक्य असं काही म्हटलं की पुन्हा कुणी त्याला हात लावला नाही. गंज्या बोलायच्या आधी खाकरतो, हे मूळ कथेत कुठेच नाही. ते माझं.

कितीतरी वर्षं हे चाललं. पण मला त्यांच्यापैकी कुणाचं घर माहीत नव्हतं. ड्रायव्हर कुठल्या डेपोचा, नर्स कुठल्या दवाखान्यातली, मास्तरांची बायको आहे की नाही, मी कधी विचारलं नाही. त्यांनीही मला विचारलं नाही. मी त्यांची 'ताई' होते आणि आमचं बोलणं तारवालीपासून सुरू होऊन तारवालीपाशीच संपायचं. मला ते पुरायचं. आठवड्याचे बाकीचे दिवस मी त्या एका संध्याकाळच्या जोरावर काढायचे, आणि ज्या शुक्रवारी अंक नसे त्याही शुक्रवारी आम्ही जुन्या अंकांवर वाद घालायला जमायचोच.

तर ही विक्री. घेणारी कंपनी म्हणजे बडं धूड. वाहिन्या तिच्या, चित्रपटगृहं तिची, घराघरातलं इंटरनेट तिचं. फोनवर आमचा वाचकांचा एक मोठा गट आहे, त्यात त्या दिवशी नुसता गदारोळ. कुणी आपल्या फोटोच्या जागी काळा चौकोन लावला. कुणी श्रद्धांजली वाहिली. एकाने भविष्य सांगितलं की आता तारवालीला प्रियकर मिळणार आणि ती खांबावर चढायची सोडून रडत बसणार. दुसरा बिचारा म्हणाला, वाईट काय त्यात, मोठा सिनेमा येईल. त्याला सगळ्यांनी मिळून असा धुतला की तो गट सोडूनच गेला. कुणी म्हणे चित्रकाराला काढलं, कुणी म्हणे चित्रकारानेच बंगला घेतला. ज्यांनी जन्मात अंक विकत घेतला नाही, इकडून तिकडून मागून वाचला, त्यांचा आवाज सगळ्यात मोठा. आणि मग कुणीतरी लिहिलं, 'आतली बातमी आहे, गंज्याला चांगला करणार.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगला म्हणजे काय करणार? लोखंड खायचं सोडून गाजरं खाणार?

त्या शुक्रवारी जुन्या मालकाचा शेवटचा अंक आला. मागच्या पानावर आभाराच्या चार ओळी होत्या. आम्ही तो वाचला, पण कुणाचं लक्ष नव्हतं. ड्रायव्हरचा आवाज नाजूक व्हायच्या ऐवजी घोगरा झाला. वाचून संपल्यावर सगळे माना खाली घालून बसले.

"पुढच्या महिन्यापासून कोपऱ्यात त्यांचं बोधचिन्ह येणार," मास्तर म्हणाले.

"कागद चांगला देतील निदान," नर्स म्हणाली.

झालं. मी उभी राहिले. "कागद? कागद काय चाटायचाय? उद्या तारवालीच्या पाठीवर साबणाची जाहिरात छापतील तेव्हाही म्हणशील, साबण चांगला आहे."  मी थांबायला हवं होतं, पण माझं तोंड एकदा सुटलं की सुटलं. "मी सांगते काय करायचं. नव्या मालकाचा एकही अंक घ्यायचा नाही. आपण नाही घेतला तर त्यांना कळेल वाचक म्हणजे काय. आणि ज्याने घेतला त्याने पुन्हा शुक्रवारी इथे तोंड दाखवायचं नाही."

ड्रायव्हरने मांडीवर थाप मारली. "बरोबर बोलल्या ताई."

मास्तरांनी हात वर केला. नर्सनेही केला, जरा उशिराने. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुकानदार तेवढा गठ्ठ्याची दोरी बोटाला गुंडाळत बसला होता. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी घरी जाताना मी हवेत होते. माझ्या एका शब्दावर माणसांनी हात वर केले, असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी नेहमीसारखी हात धुऊन, केसांतलं प्लास्टर झटकून दुकानात गेले. कुणी नव्हतं. वाटलं, उशीर झाला असेल. अंकांची जुनी खोकी चाळत बसले. पुढचे दोन शुक्रवारही तसेच गेले. चौथ्या शुक्रवारी पुन्हा गेले. त्या दिवशी नवा अंक आलेला होता, गठ्ठा आधीच फोडलेला, कोपऱ्यात ते चकचकीत बोधचिन्ह. मागच्या बाजूची स्टुलं गायब होती आणि त्या जागी मोबाईलच्या कव्हरांचा फिरता स्टँड उभा होता.

"स्टुलं कुठे गेली?" मी विचारलं.

"कुणी बसत नाही ना, ताई," दुकानदार म्हणाला.

"मी बसते की."

त्याने माझ्याकडे बघितलं. चांगला मुलगा आहे, कधी उलटून बोलत नाही. "ताई, बोललात तुम्हीच. अंक घ्यायचा नाही म्हटल्यावर लोक दुकानात येणार कशाला? मास्तर येऊन गेले होते एकदा, पेन घ्यायला. पाच मिनिटंसुद्धा थांबले नाहीत. मला म्हणाले, ताईंना वाटायला नको की मी अंकासाठी आलो."

  मला लढायचं होतं कंपनीशी, आणि मी धोंडा मारून घेतला होता तो स्वतःच्याच पायावर. कंपनीला तर पत्ताही नव्हता की मी जिवंत आहे.

घरी येऊन मी गटावर लिहिलं, 'शुक्रवारी दुकानात जमू या. नुसतंच.' मास्तरांनी अंगठा दाखवला. ड्रायव्हरने लिहिलं, 'ताई, शुक्रवार मोकळा झाला म्हणून मी पाळी बदलून घेतली.' नर्सने काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या एकाने, जो कुठल्या गावचा ते देव जाणे, विचारलं, 'नुसतं म्हणजे? वाचायचं काय?'  'मला तुमची आठवण येते' असं लिहून मी पुसून टाकलं. एवढं सोपं वाक्य, पण ज्या माणसांचं खरं नावही आपल्याला माहीत नाही त्यांना ते कसं लिहायचं?

गटातला राग एव्हाना ओसरला होता. काळे चौकोन जाऊन पुन्हा लोकांचे, मुलांचे, कुत्र्यांचे फोटो आले होते. बहिष्काराबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

मग असे कितीतरी शुक्रवार गेले. मी कामं घ्यायचा सपाटा लावला. दोन कवळ्यांच्या जागी चार. दंतवैद्यांना वाटलं मला हुरूप आलाय. संध्याकाळी यंत्र बंद केलं की खोली इतकी शांत व्हायची की मी पुन्हा चालू करायचे. एकदा दादाचा रविवारचा फोन आला तेव्हा मी त्याला ठेवू देईना. शेजारच्या जिन्याचा रंग, पाण्याची टाकी, काय वाट्टेल ते सांगत बसले. शेवटी तोच म्हणाला, "तुझं बरं आहे ना गं?" मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय?"

आणि एका शुक्रवारी मी ठरवलं की अंक घ्यायचा.

गंज्याला खरंच चांगला केला का एवढंच बघायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली. आपल्या दुकानातून घेणं शक्यच नव्हतं, दुकानदाराला कुठल्या तोंडाने मागणार? जवळच्या चौकातही नको, कुणी बघेल. म्हणून मी बस पकडली आणि पार शहराबाहेरच्या डेपोपर्यंत गेले. तिथे भिंतीला लागून वर्तमानपत्रांचा एक स्टॉल आहे. चोरी करावी तशी मी इकडेतिकडे बघून अंक मागितला, पदराखाली घेतला आणि स्टॉलच्या मागे, डेपोच्या कँटीनच्या खिडकीखाली एक कट्टा होता, त्यावर बसून उघडला.

गंज्या चांगला झाला नव्हता. तो एका बंद पडलेल्या वीजघरात एकटा राहत होता आणि शेवटचं यंत्र खात होता. आणि काय सुरेख काढला होता त्याला. चेहऱ्यावरचा प्रत्येक पोपडा दिसत होता. तारवाली दारात उभी. तो तिला म्हणतो, 'सगळे म्हणतात मी लोखंड खातो. मला दुसरं कुणी काही वाढलं का?' मी ते वाक्य मनातल्या मनात माझ्या आवाजात म्हटलं आणि अंगावर काटा आला. इतकं चांगलं वाक्य गंज्याला कधी मिळालं नव्हतं. बाजूला कुणी नव्हतं ज्याला मी म्हणेन, बघा, बघा काय लिहिलंय.

तेवढ्यात डोक्यावरच्या खिडकीतून आवाज आला. "दरम्यान, शहराच्या दुसऱ्या टोकाला..."

मी मान वळवून, अर्धवट उठून आत बघितलं. तो आवाज ऐकला की मान वळतेच.

कँटीनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलाभोवती मास्तर, नर्स आणि गणवेशातला ड्रायव्हर बसले होते. मध्ये चहाचे कप आणि नवा अंक. ड्रायव्हरचा डेपो हाच होता तर. त्यांनीही तेच केलं होतं, आपलं दुकान टाळून इथल्या स्टॉलवरून अंक घेतला होता. बरेच शुक्रवार घेत असणार, कारण टेबलावर हात ठेवायच्या जागासुद्धा ठरलेल्या दिसत होत्या.

पान उलटलं. आता गंज्याची पाळी होती. नर्सने घसा खाकरला. अगदी माझ्यासारखा, आधी एक छोटं, मग एक लांब. "ज्याने घेतला," ती दम देत म्हणाली, "त्याने पुन्हा तोंड दाखवायचं नाही."

हे अंकात नव्हतं. ड्रायव्हर पोट धरून हसला. मास्तरही हसले, मग म्हणाले, "पुरे गं, बिचाऱ्या ताई." नर्स म्हणाली, "मी काय वाईट म्हणून करते? त्यांच्यासारखा गंज्या कुणाला जमत नाही." आणि मग ती खरं वाक्य वाचायला लागली.

मला राग यायला हवा होता. आलाही असेल, पण त्याच्या आधी पाय उठले होते. मी अंक पिशवीत कोंबला आणि दार ढकलून आत गेले. काय म्हणायचं ते ठरवलं नव्हतं. पिशवीतून अंक काढून टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, सरका, गंज्या माझा आहे. बस.

ड्रायव्हरने मला आधी बघितलं. क्षणात त्याने टेबलावरचा अंक उचलून खुर्चीवर ठेवला आणि त्यावर बसला. एवढा मोठा माणूस, कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा लाल झाला.

"अरे, ताई," मास्तर म्हणाले. "या, या. आम्ही आपले सहजच. चहाला."

"हो ना, चहा चांगला असतो इथला," नर्स म्हणाली. तिचा चेहरा पडला होता.

मी बसले. चहा आला. ड्रायव्हर म्हणाला, हल्ली खड्डे फार झालेत. मास्तर म्हणाले, गुडघे दुखतात. मी म्हटलं, दमट हवेने होतं.  तारवाली सोडून आम्ही आजवर एकमेकांशी काही बोललोच नव्हतो, ते आता कुठून आणायचं? माझा हात पिशवीच्या चेनवर होता. आता काढते, मी मनात म्हटलं. मास्तरांचा घोट संपला की काढते.

"ताई, तुमचं खरं कौतुक आहे," ड्रायव्हर एकदम म्हणाला. घाबरून बोलत होता, पण मनापासून. "एक अंक घेतला नाहीत तुम्ही. बोललात ते पाळलंत. आम्ही... म्हणजे आपण सगळ्यांनीच."

मास्तर कपात बघत राहिले. माझा हात चेनवरून खाली आला. जगात तीन माणसांना वाटत होतं की मी शब्दाची पक्की आहे, आणि त्यांच्यापैकी एक माझ्यासमोर तारवालीवर बसला होता. मी कसा काढणार तो अंक?

नर्सने घड्याळ बघितलं. तिला ड्यूटीवर जायचं असणार, आणि अंक अर्धा राहिला होता. मी बसून राहिले असते तर त्यांना तो आज संपवता आला नसता. ते मला 'जा' म्हणाले नसते, बिचारे माझ्याबरोबर खड्ड्यांबद्दल बोलत राहिले असते.

"चला, मला काम आहे," मी म्हटलं.

"बसा की ताई," तिघंही म्हणाले, आणि तिघांचेही खांदे सैल पडले.

मी दाराबाहेर आले, स्टॉलला वळसा घातला आणि पुन्हा खिडकीखालच्या कट्ट्यावर बसले. रडू येत होतं, ते मी येऊ दिलं. एक बस आली, गेली. आत खुर्ची सरकली, कागद सपाट केल्याचा आवाज आला. मास्तर म्हणाले, "कुठे होतो आपण?" नर्स म्हणाली, "वीजघरात. तारवाली निघालीय."

मी माझा अंक काढला आणि ते पान शोधलं. ड्रायव्हरने तारवालीचं वाक्य म्हटलं, नाजूक आवाजात. मग गंज्याचं होतं. नर्सने ते भराभर म्हणून टाकलं, मध्ये न थांबता. तिथे थांबायला हवं होतं. मी ओठातल्या ओठात खाकरले आणि म्हटलं, "जाताना दिवा मालवू नकोस."

आत पान उलटल्याचा आवाज आला, तेव्हा मीही उलटलं.